सदतीस मिलिलीटरचा पोचा

'चालून जाते' हे दोन शब्द ज्याच्या तोंडून आजवर कोणीही ऐकलेले नाहीत असा अख्ख्या नागपुरात एकच माणूस आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. बाकी आम्हा नागपूरकरांचा संसार या दोन शब्दांवरच उभा असतो. नळ थोडा गळतो, चालून जाते. शर्टाचं एक बटण निराळ्या रंगाचं आहे, चालून जाते. नवरदेव फोटोत होता त्याहून बुटका निघाला, तोही चालून जातो. मामांचं मात्र काही म्हणजे काही चालून जात नाही. हिंगण्याच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये त्यांनी चौतीस वर्षं काढली. केसाच्या जाडीएवढा फरक पडला तर वस्तू भंगारात, हा तिथला कायदा. मामा निवृत्त झाले तेव्हा एक शाल, एक भिंतीवरचं घड्याळ आणि हा कायदा अशा तीन गोष्टी घेऊन घरी आले. घड्याळ पहिल्याच आठवड्यात त्यांनी उघडून टेबलावर पसरलं, कारण ते दिवसाला चार सेकंद पुढे जायचं.

लोकांच्या खिशात पेन असतो तशी मामांच्या खिशात पाणसळ असते. गवंडी वापरतात ना, तिचंच बोटभर लांबीचं पिल्लू. कोणाकडेही गेले की पाणी पिण्याआधी ती हळूच टेबलावर ठेवतात आणि त्यातला बुडबुडा मध्यभागी आला नाही तर त्यांना चहा गोड लागत नाही. माझी आणि त्यांची पहिली ओळख पाणसळीनंच झाली. आमच्या लग्नात भंतेजी त्रिशरण देत होते, आम्ही दोघं हात जोडून उभे होतो आणि पायांखालून ठकठक असा आवाज येऊ लागला. मला वाटलं, उंदीर. नंतर कळलं की स्टेज डावीकडे कललेलं आहे हे मामांना पहिल्या रांगेत बसून दिसलं होतं आणि ते नव्या कोऱ्या सफारीसकट स्टेजखाली शिरून पाचर ठोकत होते. आमच्या लग्नाच्या व्हिडिओत पंचशील संपेपर्यंत स्टेजखालून बाहेर आलेले दोन पॉलिश केलेले बूट दिसतात. एकदा सावजी जेवायला गेलो तर टेबल डुगडुगत होतं. दुसऱ्या कोणी कागदाची घडी घातली असती. मामा रस्सा निवत ठेवून घरी गेले, मोजून कापलेला रबराचा तुकडा घेऊन आले, टेबलाच्या पायाला बसवला आणि मगच पहिला घास घेतला. ते टेबल अजून हलत नाही. मी जाऊन पाहून आलो आहे.

दरवर्षी दसऱ्याला ते दीक्षाभूमीजवळच्या एका फुटपाथवर पकड, सुई आणि मेणाचा तुकडा घेऊन बसतात. बाहेरगावाहून आलेल्या लोकांच्या बॅगांच्या चेन तुटलेल्या असतात, चपलांचे अंगठे निघालेले असतात. मामा ते नीट करून देतात. एका वर्षी यवतमाळकडच्या एका म्हातारबाबांना त्यांनी ओळखलं, म्हणजे बाबांना नाही, त्यांच्या बॅगेला. आदल्या खेपेला आपण बसवलेली चेन जुळते की नाही हे चारदा उघडून-लावून पाहिलं आणि मग जय भीम घातला. माणसांची नावं ते विसरतात, दुरुस्त्या विसरत नाहीत.

अशा माणसाच्या मोटारसायकलच्या टाकीला मी पोचा पाडला.

ती मोटारसायकल वयानं माझ्याहून मोठी आहे. दोन सायलेन्सर, गोल दिवा, मरून रंग आणि टाकीच्या दोन्ही अंगांनी समोरून मागे जाणारी एकेक बारीक सोनेरी रेघ. चालू केली की गल्लीतली कुत्री उठून बसतात आणि निळा धूर शेजारच्यांच्या वाळवणावर जातो. पण शेजारचे कधी बोलले नाहीत, कारण त्यांचं शिलाई मशीन, मिक्सर आणि मुलीची तीनचाकी हे सगळं मामांच्याच हाताखालून गेलेलं आहे. मामा याच गाडीवर मानेवाड्यापासून हिंगण्यापर्यंत चौतीस वर्षं कामावर गेले. कंपनीची बस होती, पण बस गिअर चुकीच्या वेळी बदलते म्हणून ते तिच्यात बसले नाहीत.

होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलर खाली उतरतात. त्या रविवारी मी आणि मामा त्यांच्या गच्चीवरच्या खोलीतून तो लोखंडी कूलर पोर्चमध्ये आणत होतो. शेवटच्या पायरीवर मामा म्हणाले की थांबा, आधी गाडी बाहेर काढू आणि मग कूलर फिरवू. मी घामाघूम झालो होतो. मी म्हणालो, 'निघते जी मामाजी, जागा आहे.' जागा होती, पण दोन इंच कमी होती. कूलरचा माझ्या बाजूचा पाय निसटला आणि त्याचा कोपरा टाकीच्या उजव्या अंगावर बसला. रिकाम्या डब्यावर बुक्की मारल्यासारखा आवाज झाला. कूलर बाजूला केला तेव्हा टाकीवर, गुडघा टेकतो तिथून जरा वर, आमटीच्या वाटीएवढा खळगा पडलेला होता आणि ती सोनेरी रेघ त्या खळग्यात उतरून पुन्हा वर चढत होती.

मामा टाकीपाशी वाकले. मग त्यांनी माझा हात उलटा करून पाहिला.

'तुमच्या हाताले तं नाही लागलं ना, जवाईबापू?'

नाही म्हटलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्याऐवजी त्यांनी कूलर जागेवर बसवला, पाणी भरलं, पाणसळ ठेवून त्याचा तोल पाहिला आणि मग एक पाट घेऊन टाकीसमोर बसले. मी निघालो तेव्हा ते बसलेलेच होते. माझी बायको परत येताना गाडीवर एक अक्षर बोलली नाही, आणि माहेरच्या बाबतीत ती गप्प बसली म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला ऑफिसात मामांचा फोन आला. ते फक्त 'सदतीस' म्हणाले. मी विचारलं, काय सदतीस? तेव्हा त्यांनी सांगितलं की त्यांनी टाकी उतरवून रिकामी केली, पोच्याभोवती मेणाची पाळ बांधली आणि मामींच्या औषधाच्या सिरिंजनं खळग्यात पाणी भरून मोजलं. पोच्यात सदतीस मिलिलीटर पाणी मावलं, म्हणजे टाकीत तेवढं पेट्रोल आता कमी मावणार. जिथं काढायचं आहे तिथं आधी मोजायचं, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. 'काढायचं आहे' हे त्यांनी अशा आवाजात म्हटलं की मी त्याच संध्याकाळी स्वतःला त्यांच्या सेवेत रुजू करून घेतलं. पुढचे दोन महिने माझे सगळे रविवार आणि बऱ्याचशा संध्याकाळी त्या टाकीच्या मालकीच्या झाल्या.

आम्ही टाकी जुन्या चादरीत गुंडाळायचो, मी ती बाळासारखी मांडीवर घ्यायचो आणि माझ्या स्कूटरवर मामा पुढे, मी मागे असे आम्ही नागपूरभर फिरायचो. हिंगणा रोडवरच्या डेंटिंगवाल्यानं टाकी पाहताच सांगितलं की पुट्टी भरून, घासून, रंग मारून संध्याकाळी घेऊन जा, आरशासारखी होईल. मामांनी विचारलं की पुट्टीखाली पत्रा कसा राहील? तो म्हणाला, पत्रा आहे तसाच राहील, पण दिसणार कोणाला? मामांनी टाकी पुन्हा चादरीत गुंडाळली. 'मले दिसन ना,' ते म्हणाले. दुसऱ्यानं पत्र्यावर खिळे वेल्ड करून बाहेर ओढतो म्हटलं. त्याला मामांनी अर्धा तास उभ्यानं समजावलं की पेट्रोलची टाकी धुतल्याशिवाय तिच्याजवळ ठिणगी नेणारा माणूस फार दिवस दुकान चालवत नसतो, आणि रंग जळेल तो वेगळाच. तिसऱ्यानं हवा भरून फुगवतो म्हटलं. मामा त्याच्याशी बोललेसुद्धा नाहीत. लकडगंजात जुन्या गाड्यांच्या पार्टचं एक दुकान आहे, तिथं तशीच नवी टाकी मिळत होती. दुकानदारानं ती काउंटरवर ठेवून पुसूनही दाखवली. मामांनी तिच्यावर पाणसळ धरली, बोटानं ठोकून आवाज ऐकला आणि चांगली आहे असं कबूल केलं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, 'तुमच्या घरी कोणाच्या गालाले लागलं, तं तुम्ही नवं डोकं घेऊन जाता का जी?' दुकानदार हसला. मामा हसले नाहीत.

परत आल्यावर मी जरा चिडूनच म्हणालो की मामाजी, आजकाल रंग कॉम्प्युटरवर जुळवून मिळतो, पुट्टी नको तर पत्रा कापून मागून ठोकून घेऊ, वेल्ड करू आणि वरून रंग देऊन टाकू. ते हातपाय धुवायला आत गेले. मामी समोर खुर्चीत बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला होता. (त्या वेळी हॉस्पिटलात मामांनी तीन दिवसांत पलंगाची चारही चाकं सरळ केली आणि डॉक्टरांच्या स्टुलाचा करकर आवाज बंद केला. घरी गेल्यावर मात्र ते एकदाच, बाथरूमचा नळ सोडून, रडले, असं माझी बायको सांगते.) मामींचं बोलणं परत आलं होतं, चालणंही काठीच्या आधारानं येत होतं. उजवा हात तेवढा आला नव्हता.

'ते रंगाले हात नाही लावू देणार,' मामी म्हणाल्या. 'ती रेघ माही आहे.'

मला काहीच माहीत नव्हतं. मामी शाळेत चित्रकला शिकवायच्या हे ठाऊक होतं, पण गाडीचं ठाऊक नव्हतं. त्यांनी सावकाश, थांबत थांबत सांगितलं. खूप वर्षांपूर्वी गाडीला रंग दिला तेव्हा पेंटरनं मारलेली सोनेरी रेघ मामांना पसंत पडेना. तीन वेळा पुसायला लावली. पेंटर ब्रश टाकून निघून गेला. तेव्हा मामींनी खारीच्या शेपटीच्या केसांचा आपला ब्रश आणला, पदर खोचला आणि एका दमात, मध्ये कुठेही हात न उचलता, या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली. मग गाडीला वळसा घालून दुसरी मारली. मामांनी दोन्ही रेघा मोजल्या आणि पहिल्यांदाच त्यांना चूक सापडली नाही.

'आता या हातानं कप नाही धरवत,' मामी म्हणाल्या. 'मले सांगत नाही ते. पण मले समजते ना.'

मी घरी येईपर्यंत मला माझ्या कॉम्प्युटरच्या रंगाची लाज वाटत राहिली. त्या दिवसापासून हे काम माझंही झालं. रंगाला धक्का न लावता पोचा काढायचा असेल तर तो आतून काढायचा, आणि आत जायला वाट एकच, जिथून पेट्रोल भरतात ते तोंड. त्या तोंडातून पोच्यापर्यंत सरळ जाता येत नाही, कारण टाकी मधोमध घोड्याच्या खोगिरासारखी वर उचललेली असते. मी ऑनलाइन एक सापासारखा लवचीक कॅमेरा मागवला, जो आत सोडला की मोबाइलवर चित्र दिसतं. मामांनी चित्र पाहून कागदावर आतला नकाशा काढला. मी गरम पाण्याचा आणि बर्फाचा एक उपाय व्हिडिओत पाहून करून बघितला. पोर्च धुऊन निघाला, पोचा तसाच राहिला.

मग महाल भागात एका संध्याकाळी आम्हाला वरात आडवी आली. स्कूटर बाजूला लावून आम्ही वाट पाहत होतो. बँडमध्ये शेवटी एक जण तो मोठा पितळी भोंगा घेऊन चालला होता, माणसाच्या अंगाभोवती अजगरासारखा गुंडाळलेला असतो तो. मामा त्याच्याकडे टक लावून पाहत होते. एकाएकी ते वरातीत शिरले आणि वाजवणाऱ्याच्या बरोबरीनं चालू लागले. मी टाकी कवटाळून मागे धावलो. मामा त्या माणसाला विचारत होते की हा भोंगा दर लग्नात कुठे ना कुठे आपटत असेल, मग याच्यावर एकही पोचा काहून नाही? तो गडी फुगलेल्या गालांनी डोळे वटारून पाहत होता, कारण त्याला गाणं सोडून उत्तर देता येईना. मामांनाही गाणं संपेपर्यंत थांबता येईना, म्हणून त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला. नवरदेवाकडच्या एका काकांना आम्ही पाहुणे वाटलो. त्यांनी मामांच्या डोक्यावर फेटा ठेवला आणि मला टाकीसकट नाचायला ओढलं. गाणं संपल्यावर त्या गड्यानं तोंड पुसलं आणि शेजारच्या गल्लीकडे बोट दाखवलं. तिथले एक म्हातारे बाबा बँडचे बाजे नीट करतात, पितळेच्या नळीत लांब कांबी घालून पोचा आतून काढतात, असं त्यानं सांगितलं. मामांनी फेटा काढून त्याच्याच डोक्यावर ठेवला आणि आम्ही गल्लीत वळलो.

बाबांचं दुकान म्हणजे दीड माणूस मावेल एवढी खोली. भिंतीवर कर्णे, भोंगे, क्लॅरिओनेट टांगलेले. बाबा ऐंशीच्या आसपासचे, जाड चष्म्याचे. त्यांनी टाकी पाहिलीही नाही. ते म्हणाले की मी बाजे नीट करतो, गाड्या नाही. हल्ली बाजेही कमी येतात आणि तेवढंच बरं आहे. मामा बरं म्हणाले आणि दुकानाच्या पायरीवर बसले. दुसऱ्या दिवशीही जाऊन बसले, तिसऱ्या दिवशीही. बाबा कामात असले की मामा पाहत राहायचे, कांबी कशी धरतात, किती दाबतात, कधी थांबतात. आठवडाभर दोघं एकमेकांशी फारसं बोलले नाहीत. मग एक दिवस बाबा बाहेर गेले असताना मामांनी त्यांचा वाइस, म्हणजे वस्तू आवळून धरायचा लोखंडी शिकंजा, खोलला. त्याचे जबडे कित्येक वर्षांपासून तिरके बसत होते. बाबा परतले तेव्हा मामा शेवटचा स्क्रू पिळत होते. बाबांनी वाइसमध्ये एक कागद पकडून ओढून पाहिला. कागद सगळीकडून सारखा घट्ट होता. त्यांनी चष्मा वर केला.

'आणा तुमची ती टाकी,' ते म्हणाले. 'पण एक गोष्ट आहे. बाहेरून ठोकान तं पत्रा रुसते. त्याले अंदरून, धीऱ्यानं समजवा लागते.'

बाबांच्या कांब्या पितळेसाठी होत्या. पोलादी पत्र्यापुढे त्या वाकल्या. तेव्हा कांबी करायची जबाबदारी मामांनी घेतली. पहिली तोंडातून आत जाईना. दुसरी गेली पण बाहेर येईना, ती काढायला आम्हाला रात्रीचं जेवण चुकवावं लागलं. तिसरी पोच्याच्या तीन बोटं अलीकडे थांबली. मामा रोज घरी येऊन नकाशा पाहायचे, कांबी तापवून थोडी वेगळी वाकवायचे आणि टोकाला बेअरिंगची वेगळ्या मापाची गोळी बसवायचे. निकामी कांब्या पोर्चमध्ये ओळीनं टांगलेल्या होत्या, त्याही उंचीप्रमाणे. मी एकदा म्हणालो की मामाजी, आता बस करू. ते म्हणाले, 'पाचव्यात अन् सहाव्यात किती फरक पडला ते पाहिलं ना? मग?' सातवी कांबी हंसाच्या मानेसारखी वळलेली होती. ती टाकीत गेली, वळली, आणि आतून नेमक्या जागेवर टेकल्याचा बारीक टक् असा आवाज आला. बाबा आणि मामा दोघांनी एकाच वेळी मान हलवली.

मग खरं काम सुरू झालं. टाकी आधीच साबणानं धुऊन, उन्हात दोन दिवस वाळवून ठेवली होती. तोंडाची कड दुखावू नये म्हणून मामांनी लाकडाचं कडं बसवलं. मी गरम पाण्यात बुडवलेलं फडकं बाहेरून रंगावर धरायचो, म्हणजे रंग जरा नरम राहील. बाबा कडेकडेनं आत दाबत यायचे, एकदम मध्ये कधीच नाही. दर दहा-वीस दाबांनी मामा ट्यूबलाइट तिरपी धरून तिचं प्रतिबिंब पत्र्यावर पाहायचे. प्रतिबिंब जिथं वाकडं तिथं पत्रा वाकडा. माझ्या कॅमेऱ्याकडे बाबांनी पाहिलं नाही. ते डोळे मिटून ऐकायचे. पंधरवड्यात खळगा पेल्याएवढा झाला, मग झाकणाएवढा, मग नाण्याएवढा. ते नाणं नेमकं सोनेरी रेघेखाली होतं.

त्या दुपारी बाबांनी कांबी बाहेर काढली आणि हात पुसले. म्हणाले की पत्रा यायला तयार आहे, पण इथं रंग तडकला आहे. अजून दाबलं तर पत्रा येईल आणि रंग सुटेल. नाही दाबलं तर रेघ राहील आणि एवढा खळगा राहील. 'तुम्ही सांगा,' ते म्हणाले.

मामांनी टाकी मांडीवर घेतली. त्यांचा अंगठा रेघेवरून पुढे जायचा आणि खळग्याशी थांबायचा. चौतीस वर्षं केसभर फरक ज्यांनी सोडला नाही त्यांना त्या दिवशी ठरवता आलं नाही. त्यांनी टाकी चादरीत गुंडाळली, माझ्या हाती दिली आणि स्कूटर घराकडे वळवली.

घरी त्यांनी टाकी मामींच्या पुढ्यात ठेवली आणि बाबा म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. मामींनी डाव्या हातानं रेघ चाचपली. मला वाटलं, त्या राहू द्या म्हणतील.

'दाबा,' मामी म्हणाल्या.

'सुटन ना ते,' मामा म्हणाले.

'सुटू द्या. रेघ माही आहे, मी पाहीन तिचं काय करायचं ते. तुम्ही तुमचा पत्रा पाहा.'

दुसऱ्या दिवशी बाबांनी दाबलं. पत्रा वर आला आणि त्याच्यासोबत दोन बोटं रुंद रंगाची खपली निघून माझ्या फडक्यात पडली. मामांनी ट्यूबलाइट धरली. प्रतिबिंब या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरीसारखं सरळ होतं. बाबांनी सातवी कांबी मागून घेतली. मोठ्या भोंग्याच्या आतल्या वळणासाठी अशी कांबी त्यांना आयुष्यभर हवी होती. मामांनी ती पुसून, तेल लावून दिली.  रंगाची ती खपली मामांनी कागदात बांधून खिशात ठेवली.

पत्र्याला मरून रंगाचा ठिपका मामांनीच लावला आणि घासून एकजीव केला. सोनेरी रेघेची दोन बोटं तेवढी भरायची राहिली. मामींनी मला बाजारातून ब्रश आणि सोनेरी रंग आणायला सांगितला. त्या डाव्या हातानं शिकू लागल्या. डॉक्टरांनी हातासाठी दिलेले व्यायाम त्यांनी कधी मन लावून केले नव्हते. आता सकाळी कूलरसमोर बसून जुन्या वर्तमानपत्रांवर, मग पुठ्ठ्यावर, मग स्टीलच्या उपड्या ताटांवर रेघा मारायच्या. ताटावर वाकडी रेघ दिसली की मामा काही बोलू जात आणि मामी मान वर न करता म्हणायच्या की तुमचं तिकडे काही काम असेल तर करा जी. अशी जेवायच्या ताटांची सगळी चळत सोनेरी झाली. त्या महिन्यात आम्ही त्यांच्याकडे जेवलो ते केळीच्या पानावर.

ज्या सकाळी त्यांनी टाकी मागितली त्या सकाळी मामांनी ती पाटावर पाणसळीनं मांडली, मामींच्या कोपराखाली उशी दिली आणि स्वतः पोर्चमध्ये जाऊन उभे राहिले. मी आत होतो. मामींनी श्वास धरला, जुन्या रेघेच्या टोकावर ब्रश टेकवला आणि ओढला. मध्ये एकदा हात थरथरला. रेघ तिथं जराशी जाड झाली, मग सावरली आणि पलीकडच्या जुन्या रेघेला जाऊन मिळाली. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, 'बोलवा त्यायले.'

मामा आले. चष्मा लावून वाकून पाहिलं. ट्यूबलाइट त्यांनी आणली नव्हती. रेघ वाळेपर्यंत ते तिथंच पाटाशेजारी बसून राहिले, आणि संध्याकाळी टाकी गाडीवर चढवली.

हे सगळं होऊन आता काही काळ झाला. महालातले बाबा मागच्या हिवाळ्यात गेले. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मामांचा उजवा गुडघा किक मारू देत नाही. त्यांनी गाडी मात्र विकली नाही, की तिला बटणस्टार्ट बसवून घेतला नाही. त्यांनी मला किक मारायला शिकवलं, तेही तीन रविवार घेऊन, कारण माझा पाय चुकीच्या कोनात पडत होता. आता दर रविवारी सकाळी मी बायकोला घेऊन मानेवाड्याला जातो. गाडी बाहेर काढतो, किक मारतो, धूर निवळेपर्यंत थांबतो आणि हँडल मामांच्या हातात देतो. मामी काठी मला देतात, मागे बसतात आणि डावा हात मामांच्या खांद्यावर ठेवतात. दोघं अंबाझरी तलावापर्यंत जाऊन येतात. मी काठी घेऊन गेटपाशी उभा राहतो. गाडीचा आवाज कोपऱ्यावर वळतो, लहान होत जातो, मग ऐकू येत नाही. आत चहा ठेवून ही मला हाक मारते, पण मी लगेच जात नाही. परत येणारा आवाज आधी मलाच ऐकायचा असतो.